दुसऱ्या अयोध्येतले दोन भाऊ



बँकॉकच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर अयुत्थया नावाचं जुनं शहर आहे. हे नाव म्हणजे आपलीच 'अयोध्या', थाई उच्चारातली. थायलंडमध्ये ते रामायणाच्या वाटेनं पोचलं. तिथे रामकथेला 'रामकियेन' म्हणतात आणि हे शहर वसवणाऱ्या राजानं स्वतःला 'रामाधिपती' म्हणवून घेतलं. आपल्याला मात्र अयोध्या म्हटलं की आधी आदिनाथ भगवान आठवतात. ऋषभदेव, अजितनाथ, अभिनंदननाथ, सुमतिनाथ आणि अनंतनाथ या पाच तीर्थंकरांची ती जन्मभूमी. म्हणून बँकॉकच्या सहलीत एक दिवस मी हट्टानं या दुसऱ्या अयोध्येसाठी ठेवला. तिथे एका देवळाची गोष्ट कळली, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी शहराविषयी थोडं. 1350 च्या सुमाराला रामाधिपतीनं ही राजधानी वसवली. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढलेलं हे जणू बेटच. समुद्रातून आलेली जहाजं नदीतून थेट इथपर्यंत येत. चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, इराणी अशा सगळ्यांची इथे ये-जा होती. आपल्याकडचं गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्याचं छापील कापडही इथे यायचं. सयामी लोकांच्या पसंतीची नक्षी मुद्दाम काढून ते पाठवत. ही राजधानी 400 वर्षांहून जास्त टिकली. 1767 च्या एप्रिलमध्ये बर्मी सैन्यानं वर्षभराहून जास्त चाललेल्या वेढ्यानंतर ती जाळली. 'अयोध्या' म्हणजे जिच्याशी लढता येत नाही अशी नगरी! पुढे बँकॉक बांधताना इथल्या पडक्या भिंतींच्या विटासुद्धा होड्यांतून तिकडे नेल्या.

आज तिथे लाल विटांचे मनोरे, चौथरे आणि डोकं नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा दिसतात. सगळ्यात जास्त गर्दी असते वाट महाथात या देवळात. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं दगडी मुख तिथे आहे. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, कारण आपलं डोकं त्या मुखाहून उंच असू नये असा नियम आहे. मला तो फार आवडला. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. तिथे भंगलेल्या मूर्तींनाही भगवं वस्त्र गुंडाळलेलं दिसतं. रीत वेगळी, पण आदर तोच.

माझ्या मनात घर केलं ते मात्र रस्त्यापलीकडच्या वाट रातबुराणा या देवळानं.

1424 साली इथला राजा इंथराचा वारला. त्याला तीन मुलगे होते. थोरले दोघे आपापल्या गावाहून सैन्य घेऊन राजधानीकडे धावले. शहरात समोरासमोर आल्यावर दोघे भाऊ हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघंही जागीच मेले. धाकट्याला काही न करता सिंहासन मिळालं. तो दुसरा बोरोमराचा. त्यानं भाऊ जिथे पडले तिथे दोन स्तूप उभारले आणि त्यांच्या दहनाच्या जागी हे देऊळ बांधलं.

हे ऐकताना तुम्हालाही तेच आठवलं असेल जे मला आठवलं. आपल्या अयोध्येतही दोन भाऊ राज्यासाठी समोरासमोर आले होते. आदिनाथांनी दीक्षा घेताना मुलांना राज्यं वाटून दिली. भरताला अयोध्या आणि बाहुबलीला पोदनपूर मिळालं. भरत दिग्विजय करून परतला तर त्याचं चक्ररत्न अयोध्येच्या वेशीशीच अडलं, कारण घरचे भाऊ अजून नमले नव्हते. बाकीच्या भावांनी भांडण्यापेक्षा दीक्षा घेतली. बाहुबली तेवढा लढायला उभा राहिला. तेव्हा मंत्र्यांनी सुचवलं, की भांडण दोघांचं आहे, त्यात सैन्य कशाला मारायचं? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरलं. तिन्हींत बाहुबली जिंकला. भरतानं रागानं चक्र सोडलं, तेही त्याला काही करू शकलं नाही. आणि जिंकल्या क्षणी बाहुबलीला त्या राज्याचाच वीट आला. सगळं भरताला देऊन तो निघून गेला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे सख्खे भाऊ, दोन्हीकडे बापाची गादी, दोन्हीकडे द्वंद्व. एकीकडे दोघं मेले आणि तिसऱ्यानं त्यांचं स्मारक बांधलं. दुसरीकडे दोघं जगले, आणि पुढे दोघांनाही केवलज्ञान झालं. फरक एवढाच पडला, की आपल्या गोष्टीत एकजण वेळेवर थांबला.

इथे मला माझ्या श्वेतांबर मैत्रिणींकडची कथाही आठवते. आपल्या दिगंबर परंपरेत ती अशी येत नाही. तिच्यात बाहुबली वर्षभर ध्यानात उभा असतो, अंगावर वेली चढतात, तरी केवलज्ञान होत नाही. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना नमस्कार कसा करायचा, हा अभिमान आड येत असतो. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन त्याला हत्तीवरून खाली उतरायला सांगतात. तो चकित होतो, की इथे हत्ती कुठला? मग उमगतं, हत्ती म्हणजे अहंकार. तो पाऊल उचलतो आणि केवलज्ञान होतं.

अयुत्थयाचे दोन राजपुत्र तर खरोखरच हत्तीवर बसलेले होते. त्यांना 'उतरा' म्हणणारं कुणी होतं का? त्या गोष्टीत आई नाही, बहीण नाही, बायको नाही. फक्त हत्ती आहेत.

त्या देवळाच्या मनोऱ्याच्या पोटात एक तळघर आहे. अरुंद, उभ्या पायऱ्यांनी खाली उतरलं की भिंतीवर फिकट झालेली चित्रं दिसतात. धाकट्या भावानं तिथे सोनं, रत्नं आणि मूर्ती ठेवल्या होत्या. 1767 च्या लुटीतही ते कुणाच्या हाती लागलं नाही. 500 वर्षांहून जास्त काळ ते तसंच राहिलं आणि 1957 मध्ये चोरांनी फोडलं. जे परत मिळालं आणि नंतर उत्खननात सापडलं, ते त्याच राजाच्या नावाच्या चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. त्यात रत्नं जडवलेला एक छोटा सोन्याचा हत्ती आहे, गुडघे टेकून बसलेला. भाऊ गमावलेल्या माणसानं पुरलेल्या धनात तो पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूर भागात वाटण्या काय कमी पाहिल्यात आपण? दोन गुंठ्यांचा बांध, एक सामाईक विहीर, आईच्या पाटल्या. भाऊ कोर्टात जातात, आणि गाव म्हणतं, 'बायकांनी घर फोडलं.' ब्राह्मी-सुंदरीची कथा वेगळं सांगते. हत्तीवर बसलेल्याला हत्ती दिसत नाही, तो खालून दिसतो. घरात तो आपल्याला आधी दिसतो, तेव्हा सांगणंही आपल्याकडेच येतं. ओरडून नाही, बहिणीच्या आवाजात. ऐकतील की नाही, हे आपल्या हातात नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बँकॉकहून रेल्वेनं सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. ऊन फार, म्हणून सकाळी लवकर देवळं आणि दुपारी संग्रहालय. खाण्यासाठी 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असू शकतात, ती विचारूनच घ्या. 'मांगसविरात' म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं. साध्या भाजीतही माशाचा सॉस घालतात. 'फोय थाँग' नावाची सोनेरी सुतरफेणीसारखी मिठाई दिसायला फार गोड, पण ती अंड्याच्या बलकाची असते. मी तरी दशम्या, खाकरे आणि मेतकूट सोबत नेलं होतं. सूर्यास्त सहा-साडेसहाला होतो, त्या हिशेबानं जेवण उरका.

आणि मुलांना नेणार असाल, तर आदल्या दिवशी भरत-बाहुबलीची गोष्ट नक्की सांगा. मग वाट रातबुराणापुढे उभं राहून दुसऱ्या दोन भावांची सांगा. कोण जिंकलं, ते त्यांनाच ठरवू द्या.