वाघाच्या यादीतले प्रवाळ

ताडोबात वाघाचे छायाचित्र टिपणाऱ्याला हे ठाऊक असते की समोरचा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यापासून शेकडो कोस दूर, समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून जगणारा एक प्राणीही त्याच अनुसूचीत आहे, हे मात्र फारसे कोणाच्या गावी नसते. तो प्राणी म्हणजे प्रवाळ. २००१ साली प्रवाळभित्ती रचणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे त्या यादीत आले.

(अंगठीतले पोवळे निराळे. तो बहुधा भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळाचा घासून गुळगुळीत केलेला सांगाडा असतो. त्याचा भित्ती रचणाऱ्या प्रवाळांशी नातेसंबंध दूरचाच.)

आज घरातल्या काचेच्या टाकीत, निळ्या प्रकाशात झगमगणाऱ्या प्रवाळांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. ती इतकी सुंदर कशी दिसू लागली, याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याची सुरुवात मात्र एका नासाडीने होते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि इंग्लंडच्या मध्यमवर्गाला समुद्र घरात आणण्याचे वेड लागले. लोक टोपल्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी करू लागले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आत्मचरित्रात या उजाड झालेल्या किनाऱ्यांविषयी हळहळ व्यक्त केली आहे. ज्या पुस्तकांनी समुद्राचे प्रेम शिकवले, त्यांनीच तो किनारा ओका केला, याची बोच वडिलांनाही होती.

त्या काळी प्रवाळ वस्तुसंग्रहालयात दिसे तो पांढरा, मेलेला. जिवंत प्रवाळभित्ती कॅमेऱ्यात आणण्याचे मोठे काम विल्यम सॅव्हिल-केंट याने केले. तो आधी ब्रिटनमधल्या मत्स्यालयांत नोकरीला होता. पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा मत्स्यआयुक्त झाला. पाण्याखाली कॅमेरा नेणे त्याला शक्य नव्हते. मग त्याने उधाणाच्या ओहोटीची वाट पाहिली. भित्ती थोडा वेळ उघडी पडली की तिपाई रोवायची, चित्र घ्यायचे आणि पाणी चढण्याआधी निघायचे. १८९३ चा त्याचा ‘ग्रेट बॅरियर रीफ’वरील ग्रंथ या चित्रांनी भरलेला आहे. छायाचित्रे कृष्णधवल होती, म्हणून रंगीत पाने स्वतःच्या जलरंगचित्रांवरून छापून घेतली. रंग अजून कुंचल्याच्याच ताब्यात होता.

या चित्रांचे खरे मोल शंभर वर्षांनंतर कळले. संशोधक तीच ठिकाणे शोधून, पूर्वी तिथे काय होते आणि आता काय उरले आहे हे ताडून पाहू लागले. त्यांच्या निष्कर्षांवर वादही झाले. पण वाद घालण्याजोगा पुरावा मुळात उपलब्ध होता, ही सॅव्हिल-केंटची कमाई.

पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र १९२६ साली फ्लोरिडाजवळ घेतले गेले. त्यात मासा होता, प्रवाळ नव्हे. विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी प्रकाशासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली. एका स्फोटात लाँगली चांगलाच भाजला.

प्रवाळाला त्याचे अद्भुत रंग मिळवून दिले ते मात्र बंद खोलीने. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ रेने कताला याने १९५६ साली मत्स्यालय उघडले. अंधारात अतिनील प्रकाश टाकताच काही खोलवरची प्रवाळे हिरव्या-नारिंगी-लाल रंगांनी उजळली. ही प्रतिदीप्ती होती. प्रवाळातील विशिष्ट प्रथिने एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत फेकतात. १९९९ मध्ये मिखाईल मात्झ, सर्गेई लुक्यानोव्ह आणि सहकाऱ्यांनी अशाच एका प्रवाळसदृश जीवातील लाल प्रथिन जगासमोर आणले. जिवंत पेशींतील हालचाली पाहण्यासाठी प्रयोगशाळांना ते फार उपयोगी पडले.

घरातल्या टाकीचा छायाचित्रकार आज करतो ते कतालाच्या अंधाऱ्या खोलीचेच सुधारलेले रूप. निळे एलईडी दिवे लावायचे. पंप थोडा वेळ बंद करायचे, म्हणजे पॉलिप डोलत नाहीत. काचेवरचे शेवाळ खरवडायचे. कॅमेरा काचेशी अगदी काटकोनात धरायचा, कारण तिरका धरला की चित्र फाकते. भिंगावर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर चढवला की निळा प्रकाश अडतो आणि प्रतिदीप्तीचा रंग तेवढा कॅमेऱ्यात उतरतो. फिल्टर नसेल तर सगळे चित्र निळ्या शाईत बुडवल्यासारखे येते.

आता पुन्हा ती अनुसूची. ताडोबात १९३५ साली शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वाघ बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे आला, पण राहिला रानातच. टाकीतल्या प्रवाळाचे तसे नाही. त्याला आधी कुठून तरी आणावे लागते. भारतीय समुद्रातून तो काढणे हा गुन्हा आहे. परदेशात टाकीतल्याच वसाहतीचे तुकडे करून वाढवण्याची पद्धत रूढ आहे, आणि तो मार्ग नक्कीच बरा. परंतु प्रवाळ समुद्रातून तोडलेला की टाकीतच वाढवलेला, हे छायाचित्र पाहून ओळखता येत नाही. गॉसच्या वाचकांनाही पुस्तकातले चित्र पाहूनच किनाऱ्यावर जावेसे वाटले होते.

महाराष्ट्राची स्वतःची प्रवाळे मालवणच्या समुद्रात आहेत. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्राखाली आणखी एक पठार आहे. त्याला नाव मिळाले आहे कान्होजी आंग्र्यांचे: आंग्रिया बँक. त्याचा माथाही पाण्याखाली साधारण वीस मीटरवर. तिथवर पोहोचेपर्यंत सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्याने गिळलेला असतो. तिथल्या नैसर्गिक प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत प्रवाळ दिसतो तो बहुधा करडा, तपकिरी, किंचित हिरवट. टाकीतली झगमग पाहून तिथे पोहोचलेल्याला तो पहिल्या नजरेत ओळखूही येणार नाही.