भाजणे व पोळणे : ऊतकहानीच्या ज्ञानाचा इतिहास

ज्वाला, तापलेली धातू यांसारख्या कोरड्या उष्णतेने शरीराच्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) होणाऱ्या इजेस भाजणे आणि उकळते पाणी, वाफ, तेल, पाक यांनी होणाऱ्या इजेस पोळणे म्हणतात. इजेची तीव्रता केवळ तापमानावर अवलंबून नसते. उष्णतेशी संपर्क किती वेळ टिकला यालाही तितकेच महत्त्व असते. ही गोष्ट अनुभवाने पुष्कळ आधी कळली, मोजमापाने मात्र फार उशिरा.

सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील इस्लामपूरच्या परिसरात (शहराचे २०२५ मध्ये ईश्वरपूर असे नामांतर झाले) कृष्णा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस मुबलक पिकतो. या भागातील गुऱ्हाळावर हे तत्त्व सहज ध्यानात येते. पाणी १००° से.ला उकळते, काहिलीतील रस मात्र आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. काकवीच्या अवस्थेत तो सुमारे १०५° से. आणि घट्ट गूळ उतरविण्याच्या वेळी ११५° ते १२०° से. असतो. काहील चुलवाणावरून उतरवून वाफ्यात ओतताना धोका सर्वांत अधिक. अंगावर उडालेले पाणी बरेचसे ओघळून जाते व लवकर निवते. चिकट पाक त्वचेला धरून राहतो आणि आपली उष्णता आत सोडीत राहतो. म्हणूनच गुळव्याच्या हातावरचा पाकाचा व्रण पाण्याने पोळल्याच्या व्रणापेक्षा सहसा खोल असतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्निकर्मविषयक अध्यायात दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. त्वचेचा रंग पालटण्यापासून फोड येणे, मांस लोंबणे, ज्वर, तृष्णा व मूर्च्छा इथपर्यंतची लक्षणे त्यांत क्रमाने येतात. तापलेला स्नेह (तेल, तूप) सूक्ष्म शिरांतून आत शिरतो म्हणून स्नेहदग्धात वेदना अधिक, असे तेथे म्हटले आहे. निरीक्षण अचूक आहे. कारणमीमांसा मात्र आज वेगळी करावी लागते. तेल पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक तापते आणि त्वचेला चिकटून राहते, हे खरे कारण होय. प्लुष्टावर थंड पाणी न वापरता ऊब द्यावी, कारण थंड पाण्याने रक्त गोठते, हा त्याच अध्यायातील सल्ला आजच्या उपचाराच्या विरुद्ध आहे. प्राचीन ग्रंथांत सर्व काही आधीच सांगून ठेवले आहे असे मानणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे. अतिदग्धात मात्र शीत उपचार सांगितले आहेत.

यूरोपात आंब्र्वाझ पारे (१५१०–९०) या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी उकळत्या तेलाच्या कढईत पडलेल्या एका स्वयंपाकघरातील पोऱ्याची हकीकत नोंदविली आहे. एका खेडवळ वृद्धेच्या सांगण्यावरून त्यांनी त्याच्या व्रणाच्या काही भागावर मीठ घालून ठेचलेला कांदा लावला आणि उरलेल्या भागाशी त्याची तुलना केली. कांद्याचे पुढे काय झाले ते असो, तुलनेची ही रीत मोलाची ठरली. विल्हेल्म फाब्री (१५६०–१६३४) यांनी १६०७ मध्ये इजेच्या तीन श्रेणी मांडल्या, तर ग्वीयोम द्यूपूईत्रां (१७७७–१८३५) यांनी खोलीनुसार सहा.

भाजलेली व्यक्ती काही तासांनी किंवा दिवसांनी का दगावते, हा प्रश्न त्यानंतरही अनुत्तरित होता. जळालेल्या ऊतकांतून विष रक्तात भिनते अशी समजूत दीर्घकाळ होती. १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथील रिआल्टो नाट्यगृहास आग लागली. तेथील रुग्णांच्या फोडांतील द्रवाचे फ्रँक अंडरहिल यांनी विश्लेषण केले. हा द्रव रक्तद्रवासारखाच असल्याचे आढळले. केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून जातो, रक्त दाट होते व रुग्ण अवसादाने (रक्ताभिसरण खालावल्याने) दगावतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराचा पाया येथे घातला गेला.

तापमान व वेळ यांचे नाते १९४७ मध्ये ए. आर्. मॉरिट्स व एफ्. सी. हेन्‍रिक्‌स यांनी डुकरे व स्वयंसेवक यांच्या त्वचेवरील प्रयोगांनी निश्चित केले. ४४° से.ला बाह्यत्वचा कायमची नष्ट होण्यास सुमारे ६ तास लागतात. तेथून ५१° से.पर्यंत प्रत्येक अंशाला हानीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. ६०° से.ला सुमारे ५ सेकंद पुरतात आणि ७०° से.च्या वर एक सेकंदही लागत नाही. प्रथिनांची घडण विस्कटणे व कोशिकापटल फुटणे या क्रिया तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात, हे याचे कारण. चटका न देणारी ऊबही वर्षानुवर्षे लागत राहिली तर निरुपद्रवी नसते. अंगाशी कांगडी (निखाऱ्यांचे मडके) धरण्याची रीत असलेल्या काश्मीरमध्ये पोट व मांड्या यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डब्ल्यू. जे. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच केले होते.

बर्मिंगहॅमचे डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये एकाच व्रणात तीन विभाग दाखविले. मध्यभागी साखळून मेलेले ऊतक, सर्वांत बाहेर लाल झालेले पण बरे होणारे आणि या दोहोंमध्ये रक्तप्रवाह मंदावलेले ऊतक. हा मधला पट्टा पहिल्या एकदोन दिवसांत जगतो किंवा मरतो; म्हणजे आग विझल्यावरही व्रण खोल होत जाऊ शकतो. त्यामुळे नळाचे साधे वाहते पाणी सुमारे २० मिनिटे लावण्यास प्रथमोपचारात अग्रस्थान मिळाले. बर्फ मात्र टाळतात, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसून त्याच पट्ट्याचे नुकसान होते. शाई, चिखल, दंतमंजन यांचे लेप पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत व इजेची खोली पाहण्यातही अडथळा आणतात. गुळाच्या पाकाबाबत पाण्याचा आणखी एक लाभ आहे : पाक पाण्यात विरघळतो, म्हणून तीच धार उष्णता काढून घेते आणि पाकही सोडविते. तेलाच्या बाबतीत हा दुसरा लाभ मिळत नाही.