‘धवा’च्या आधीची विधवा

‘विधवा’ म्हणजे जिचा ‘धव’, अर्थात नवरा, गेला ती, ही फोड मराठी वाचकाला इतकी उघड वाटते की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनात येत नाही; परंतु शब्दाचे कूळ तपासले असता ती उलटी ठरते. ऋग्वेदात ‘विधवा’ आहे, नवरा या अर्थाचा ‘धव’ मात्र नाही. वेदातील अवघड शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्ता’तही एकच उत्तर नाही: निराधार झालेली, थरथरणारी, सैरावैरा धावणारी असे पर्याय मांडल्यावर ‘धव म्हणजे मनुष्य’ ही फोड सर्वांत शेवटी येते. लॅटिनमधील ‘विदुआ’ आणि इंग्रजीतील ‘विडो’ ही याच शब्दाची भावंडे असून त्यांतून ‘धव’ वेगळा काढता येत नाही, कारण त्यांचे मूळ ‘रिते होणे, वेगळे पडणे’ अशा अर्थाच्या धातूत आहे. तेव्हा ‘विधवा’ आधीची, ‘धव’ तिच्यातून मागाहून कोरून काढलेला आणि ‘सधवा’ त्यावर बेतलेली, हेच मत ग्राह्य धरावे लागते.

फारसीतील ‘बेवा’ही याच कुळातली, ‘बेघर’, ‘बेवारस’ यांच्या सवयीने तिच्यातही ‘विना’ या अर्थाचा ‘बे’ असल्याचा भास होतो, इतकेच. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम लढले, तेव्हा दोन्ही बाजूंना मागे राहिलेल्या स्त्रिया, इकडे विधवा आणि तिकडे बेवा, एकाच प्राचीन शब्दाने ओळखल्या गेल्या असणार. त्याच तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर त्याच वर्षी 13 ऑगस्टला निवर्तल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडल्यावर सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही, आणि पुढे 1767 पासून अहिल्याबाईंनीच राज्य चालवले.

‘विधवा’ या शब्दात नोंद आहे ती दुःखाची, दोषाची नव्हे. दोष रूढीने चिकटवला. प्रेत दारात असताना आप्तस्त्रियांनीच तिचे मनगट धरून बांगड्या फोडायच्या, बोटांतली जोडवी ओढून काढायची, मंगळसूत्र तोडायचे आणि कपाळावरचे कुंकू पुसायचे, याला विधी म्हणण्याची सवय जुनी असली तरी ही हिंसाच होय. पुनर्विवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता दिली, तरी या चार कृती टिकून राहिल्या. त्या बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून राज्यातील इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवण्यास सांगितले.