५३ एन नंबरची बाटली

कोविड लसीचं प्रमाणपत्र घरात असेल तर काढून बघा, त्यावर बॅच नंबर छापलाय. "हा कशाला?" असं आमच्या गटात एकीनं विचारलं. त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं घरं सोडून कोकणात गावाकडं पळाली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं प्रयोगशाळा परळला गेली. आपली माणसं गिरणीत कामाला जायची, तेच परळ.

तिथून लस लांब लांब जायची. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांमधून १०७ जणांना टोचली. आठवड्यानं १९ जणांना धनुर्वात झाला, सगळे दगावले. ते सगळे एकाच बाटलीतले, ५३ एन नंबरच्या. बाकी ८८ जण ठणठणीत.

नंबरामुळं बाटली सापडली. पण जंतू शिरला कुठं, परळला की गावात? ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांची जागा गेली. पुढं चौकशीच्या कागदांतून कळलं, की बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

आज हा शोध लवकर लागू शकतो. एका वॉर्डात दोन बाळंतिणींचे टाके पिकले, तर दोघींच्या जखमेतले जंतू तपासतात. अंगठ्याच्या ठशासारखी जंतूच्या जनुकांचीही ओळख पटते. ठसे जुळले तर दोघींना एकाच ठिकाणाहून लागण झाल्याचा संशय पक्का होतो. मग नळ, अवजार, हात, सगळं तपासायचं. जुळले नाहीत तर कारणं वेगळी.

पण नोंदच नसेल तर तपासणार काय? म्हणून बायांनो, लसीचं कार्ड, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. टाके लाल झाले, पू आला, ताप आला तर घरी लपवू नका, लगेच जाऊन सांगा. सुई नवी आहे ना, हात धुतले ना, हे विचारायला लाजू नका. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

एक चिमटा जमिनीवर पडला, १९ जीव गेले. विचारायला दोन शब्दच लागतात.