कोपरावरचा इतिहास

मराठी माणसाचा कातड्याशी संबंध येतो तो मुख्यतः पायापाशी. कुणाचे उपकार फार झाले, तर आपण आपल्या कातड्याचे जोडे करून त्याच्या पायात घालायची तयारी दाखवतो. (नुसती दाखवतोच, माप द्यायला कुणी आल्याचे ऐकिवात नाही.) कचेरीत काम अडले की जोडे झिजवतो. कोल्हापुरी वहाण नवी असताना पंधरा दिवस चावते, तिला तेल पाजून पाजून माणसाळवावे लागते, आणि मग ती पायाशी अशी काही एकरूप होते, की देवळाबाहेरच्या शंभर जोडांतून नुसत्या अंगठ्याच्या खड्ड्यावरून आपली वहाण ओळखावी. पण कातडे अंगात घालणे ही कल्पना काही आपल्याला झेपत नाही. आपले जाकीटसुद्धा कापडी, बिनबाह्यांचे आणि बहुधा पुढाऱ्याच्या अंगावर.

त्यामुळे माझा भाचा लेदर जॅकेट घेऊन आला, तेव्हा घरातली सगळी माणसे ते बघायला जमली. कोपरे पांढरी पडलेली, कॉलरची कड उडालेली, खिशांची तोंडे विटलेली. माझी बहीण म्हणाली, "अरे, जुनं गळ्यात मारलं की रे तुझ्या!"

"आई, हे नवं आहे. डिस्ट्रेस्ड म्हणतात याला. मुद्दाम असं करतात. साध्यापेक्षा दीड हजार जास्त पडले."

डिस्ट्रेस्ड म्हणजे गांजलेले. माल गांजलेला असला की भाव उतरतो, असे मी आजवर समजत होतो. इथे गांजल्याबद्दल वर दीड हजार! मग मी या झिजलेल्या कोपरांच्या मागेच लागलो, आणि लागलो तो थेट पाच हजार वर्षे मागे जाऊन पोचलो.

१९९१ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या आल्प्समध्ये बर्फात एक माणूस सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचे नाव पडले ओत्झी. याच्या अंगावर शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांचे तुकडे जोडून केलेला डगला होता, आणि त्याच्या कपड्यांवर दुरुस्तीचे टाके होते. काही टाके नेटके, तर काही अगदी ओबडधोबड. म्हणजे घाईत, वाटेत, जे हाताला लागले त्याने घातलेले. मला तर हा माणूस एकदम ओळखीचाच वाटला. प्रवासात शर्टाचे बटण तुटल्यावर मीही असेच टाके घालतो. त्याचा डगला झिजला होता, कारण तो डगला घालून तो डोंगर चढत होता. दुसरे काही कारण नाही.

कातडे झिजते म्हणजे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. कातड्याचा वरचा थर नाजूक, केसांची बारीक छिद्रे असलेला. त्याखाली तंतूंची दाट, आडवीतिडवी वीण. रंग आणि चकाकी बहुतेक वरच्यावर असते. ती आधी कडांवरून उडते: मनगट, खिशाचे तोंड, कॉलर. कोपरापाशी तंतू रोज ताणले जातात आणि पुरते परत येत नाहीत. म्हणून तिथे सुरकुत्या आणि पोक येतो, तो घालणाऱ्याच्याच कोपराच्या मापाचा. मानेपाशी घाम आणि तेल आपले काम करतात. भिजलेले जॅकेट शेकोटीपाशी वाळवले तर त्याचा पापड होतो. उजवा हात जास्त चालणाऱ्याची उजवी बाही आधी जाते. एकूण काय, तर वर्षा-दोन वर्षांत जॅकेट घालणाऱ्याची कुंडली त्यावर उमटते, आणि ती वाचायला ज्योतिषी लागत नाही.

आता आपण मोटारसायकलवर येऊ. न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट नावाच्या गृहस्थाने आपल्या भावाबरोबर १९१३ साली रेनकोट शिवायचा धंदा काढला होता. १९२८ साली त्याने मोटारसायकलवाल्यांसाठी एक चामडी जॅकेट केले. बटणांऐवजी तिरपी झिप, वाऱ्याला फट मिळू नये म्हणून एकावर एक येणारे दोन पल्ले, किंमत साडेपाच डॉलर. त्याला स्वतःच्या आवडत्या चिरुटाचे नाव दिले: परफेक्टो. (आपल्याकडे एखाद्याने आपल्या आवडत्या विडीचे नाव बंडीला दिले असते, तर घरातून काढून दिला असता.) यात शोभेचा भाग थोडा. स्वार पडला, की रस्त्यावर घासले जाई ते गाईघोड्याचे कातडे. आतले स्वतःचे वाचे. आपण कातडीबचाऊ हा शब्द शिवीसारखा वापरतो, पण या जॅकेटचा तोच धर्म होता. त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा म्हणजे माणसाच्या अंगावर न उठलेला ओरखडा.

त्या काळात अमेरिकेत घोड्याचे कातडे पुष्कळ वापरत. घट्ट विणीचे, टिकाऊ. मोटारी आणि ट्रॅक्टर आले, घोडे घटले, तसे ते कातडेही दुर्मिळ झाले. घोड्याची जागा मोटारसायकलने घेतली आणि मोटारसायकलवाल्याने घोडा अंगावर घेतला, असा हा व्यवहार. यातले काही काळे कातडे नुसते वरूनच काळे रंगवलेले असे, आत तपकिरी. काळे झिजले की कडांमधून तपकिरी डोकावे. या रंगाला शौकीन लोक आज चहाचे नाव देतात आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. जी गोष्ट तेव्हा रंगाऱ्याची काटकसर वाटली असती, तिचे आज कौतुक!

१९३१ साली अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी ए-२ नावाचे जॅकेट मुक्रर केले. मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. ही पट्टी कातड्याच्या आधी विरे. मग ती बदलायची आणि जॅकेट पुढे चालू. वैमानिक पाठीवर विमानाचे नाव, चित्र, आणि केलेल्या प्रत्येक मोहिमेमागे एक बॉम्ब रंगवून घेत. चीनच्या बाजूने लढणाऱ्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकी तुकडीच्या वैमानिकांच्या पाठीवर तर चिनी झेंडा आणि चिनी अक्षरे असलेले कापड शिवलेले असे. मजकुराचा आशय असा, की हा परदेशी माणूस चीनला मदत करायला आला आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी त्याला वाचवावे. विमान पडले तर भाषा येत नाही. तेव्हा बोलायचे काम पाठीने करायचे. पुढे ही चिठ्ठी अस्तराच्या आत शिवू लागले, कारण ती वाचणारा प्रत्येक जण मित्रच असेल याची खात्री नव्हती.

१९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने चामड्याची नवी खरेदी थांबवून कापडी जॅकेटे आणली. वैमानिकांना ती आवडली नाहीत. जुनी ठिगळे लावून वापरत राहिले. मला यात कुठे ऐट दिसत नाही. ज्या जॅकेटात आपण पंचवीस वेळा जाऊन पंचवीस वेळा परत आलो, ते सव्विसाव्या वेळी कोण बदलील? आपण परीक्षेला तेच पेन नेतो, ते काय उगाच?

ऐट आली ती नंतर. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडोने काळे जॅकेट घातले आणि पोरे पिसाळली. इंग्लंडच्या सेन्सॉरने तर तो चित्रपट १९६७ पर्यंत अडवून धरला. इथून पुढे जॅकेट घालायला मोटारसायकल लागेनाशी झाली. आणि १९८१ साली पाणी पार डोक्यावरून गेले. इंडियाना जोन्सच्या पहिल्या चित्रपटासाठी जॅकेट नवे शिवले होते, पण नायक तर दहा वर्षे जंगलात भटकलेला दिसायला हवा! तेव्हा वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनी हॅरिसन फोर्डचाच चाकू आणि तारेचा ब्रश घेऊन ते खरवडले. पडद्यासाठी हे ठीकच; नट म्हातारा दिसायला पांढरी दाढी लावतोच. पण सिनेमा सुटल्यावर प्रेक्षकांनीही दाढ्या लावून घरी जावे, तसे पुढे झाले. माझ्या भाच्याची कोपरे त्याच वंशातली.

मुंबईच्या हवेत याची एक निराळीच शोकांतिका आहे. इथे आषाढात कपाटातल्या कंबरपट्ट्यालाही मिशा फुटतात. खऱ्या चामड्यावरची बुरशी पुसता येते, ऊन दाखवता येते. पण बाजारात लेदर म्हणून जे स्वस्तात मिळते, त्यातले बरेचसे म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पापुद्रा. हवेतला दमटपणा तो पापुद्रा रासायनिकदृष्ट्याच मोडतो. न घालता, नुसते टांगून ठेवलेले जॅकेट चार-पाच पावसाळ्यांत उन्हाळ्यातल्या नाकासारखे सोलून निघते. खरे कातडे वापरून झिजते. हे घडीत बसल्या बसल्या. लग्नकार्यासाठी म्हणून जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना याहून वाईट शिक्षा ती कोणती!

मला या सगळ्यांत आवडलेले जॅकेट मात्र ना वैमानिकाचे ना नटाचे. ते आइनस्टाइनचे. प्रिन्स्टनला आल्यावर, १९३०च्या दशकात त्यांनी लिव्हाइस कंपनीचे एक तपकिरी चामडी जॅकेट घेतले आणि ते घालतच राहिले. त्यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांनी लिहून ठेवले आहे, की गरजा कमी करायच्या म्हणून आइनस्टाइन केस वाढवत, मोजे घालत नसत, आणि कोटाचा प्रश्न त्यांनी एकाच चामडी जॅकेटाने बरीच वर्षे निकालात काढला होता. ४ एप्रिल १९३८ च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर ते त्याच जॅकेटात आहेत. जुलै २०१६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ते १ लाख १० हजार ५०० पौंडांना गेले. घेणारी खुद्द लिव्हाइस कंपनी. म्हणजे आपणच विकलेला माल ऐंशी वर्षे वापरून झाल्यावर परत घेतला, तोही चढ्या भावाने. असा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही.

जॅकेटाला तेव्हाही पाइपच्या तंबाखूचा वास येत होता. मग कंपनीने तशीच पाचशे जॅकेटे नव्याने काढली आणि प्रत्येकाबरोबर एक छोटी कुपी दिली. कुपीत त्या वासाचे अत्तर. किंमत बाराशे डॉलर. कपड्यांचा विचार करावा लागू नये म्हणून एका माणसाने घेतलेले ते जॅकेट. त्याच्यासाठी पाचशे माणसांनी किती दिवस विचार केला असेल, कोण जाणे.