नोडलिस्ट.१८४

‘नोडलिस्ट.१८४’ या नावाची जुनी फाइल मिळाली आणि तिची पहिली ओळ खराब झालेली असली, तरी तिचे साल काढता येते. १८४ हा वर्षातल्या दिवसाचा अनुक्रमांक. फिडोनेट या संगणकांच्या जाळ्याची ही नंबरांची यादी दर शुक्रवारच्या तारखेने निघत असे. १९८४ ते २००० या काळात वर्षाचा १८४वा दिवस शुक्रवारी आला तो दोनदाच, १९८७ आणि १९९८ मध्ये. आता आतल्या नोंदी वाचायच्या. त्यांत ‘व्ही३४’ ही मोडेमची खूण दिसली, तर यादी १९९८ची. ते मानकच १९९४चे आहे.

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेले हे जाळे हौशी माणसांचे होते. घरचा संगणक, मोडेम आणि टेलिफोन. रात्री एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी आणि टपाल पोचते करी. कोणाचा नंबर कोणता, हे यादीत. त्यातला एक आकडा चुकला, तर ऐन झोपेच्या वेळी भलत्याच घरी फोन वाजणार. म्हणून यादी अतिशय काटेकोरपणे ठेवली गेली आणि आज ती भरवशाचे साधन ठरते.

सेंट लुईसच्या बेन बेकर यांनी यादीचे स्वरूप लिहून ठेवले. त्यांनी दिलेल्या नमुन्यात पहिली ओळ शुक्रवार, ३ जुलै १९८७, दिवस १८४ अशी असून शेवटी १५९४३ हा आकडा येतो. खालच्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली ही पडताळणी आहे. आजही तोच हिशेब करून पाहावा. आकडा जुळला, तर नक्कल करताना मजकूर बिघडलेला नाही असे धरायला हरकत नाही. ताम्रपटाच्या अभ्यासकाला एवढी सोय कधी लाभली नाही.

पण दर आठवड्याला पूर्ण यादी पाठवणे टेलिफोनच्या बिलाला परवडणारे नव्हते. त्याऐवजी ‘नोडडिफ’ नावाची फरकाची फाइल जाई. तिची पहिली ओळ म्हणजे मागच्या यादीच्या पहिल्या ओळीची हुबेहूब प्रत; त्यामुळे हा फरक कोणत्या यादीला लावायचा, याबद्दल शंका राहत नाही. पुढे तीनच आज्ञा. ‘सी५’ म्हणजे जुन्या पाच ओळी तशाच उतरवा. ‘ए२’ म्हणजे खालच्या दोन नव्या ओळी घ्या. ‘डी१’ म्हणजे एक ओळ गाळा.

इथे इतिहासकाराने थबकायला हवे. नवा आलेला माणूस फरकाच्या फाइलमध्ये गाव, नाव, नंबर यांसह सापडतो. गेलेल्याचा फक्त आकडा उरतो. कोण गेले हे मागची यादी हाती असेल तरच कळते, आणि का गेले हे तीही सांगत नाही.

कारणांचा माग थोडाफार लागतो तो टपाल नेणाऱ्या प्रोग्रॅमांच्या लॉगमध्ये. फोन लागला, लागला नाही, जोडणी मध्येच तुटली, अशा नोंदी तिथे सेकंदासह असतात. मात्र बिंकलेसारख्या प्रोग्रॅमच्या नोंदीत दिवस आणि महिना येतो, वर्ष येत नाही. ते पुन्हा शेजारच्या यादीवरूनच ठरवावे लागते.

कोणाच्या माळ्यावर अशा फ्लॉपी असतील, तर त्यांनी फरकाच्या फाइली तेवढ्या ठेवून मोठी यादी पुसू नये. गेलेल्यांची नावे तिच्यातच आहेत.