चाकणहून चेन्नईला बदली झालीय? घर ठरवण्याआधी या गोष्टी समजून घ्या

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी बदलीचं एक गाव ठरलेलं असतं, ते म्हणजे चेन्नई. वाहन उद्योगाचे देशातले जे मोजके मोठे पट्टे आहेत, त्यातला एक आपल्याकडे आहे आणि दुसरा तिकडे. त्यामुळे इंजिनिअर, सुपरवायझर, क्वालिटीवाले, टूलरूमची माणसं, व्हेंडर कंपन्यांचे कर्मचारी यांची दोन्हीकडे ये-जा सुरूच असते.

मात्र ही बदली नाशिक किंवा संभाजीनगरला जाण्यासारखी नाही. डोंगराजवळच्या कोरड्या हवेतून थेट समुद्रकाठच्या दमट हवेत जायचं, पावसाळा वेगळा, भाषा वेगळी, घरभाड्याची पद्धतही वेगळी. कोणत्या गोष्टी आधी माहीत असाव्यात, ते क्रमाने पाहू.

दोन पट्ट्यांचं नातं काय?

महिंद्राचा चाकणचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. याच कंपनीचं संशोधन केंद्र, महिंद्रा रिसर्च व्हॅली, चेन्नईच्या दक्षिणेला चेंगलपट्टूजवळ आहे. म्हणजे गाडीची आखणी तिकडे आणि बांधणी इकडे. ह्युंदाईचं उलटं आहे. १९९६ मध्ये भारतात आलेल्या या कंपनीने श्रीपेरुंबुदूरजवळ कारखाना उभारला आणि १९९८ मध्ये तिथून सॅन्ट्रो बाहेर पडली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये तिने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. रेनो-निसान, डेमलरचे ट्रक आणि रॉयल एनफिल्ड हे सगळे ओरगडम परिसरात आहेत.

गंमत म्हणजे वाकड-पुनावळ्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरमार्गे चेन्नईला पोहोचतो. रस्ता एकच, अंतर मात्र साधारण १२०० किलोमीटर. पुण्याहून रेल्वेने जायला जवळपास २० तास लागतात.

‘चेन्नई’ म्हणजे नेमकं कुठे?

पत्रात ‘चेन्नई’ लिहिलेलं असलं, तरी बहुतेक मोठे वाहन कारखाने समुद्राजवळ नाहीत. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडम शहराच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला, ४० ते ५० किलोमीटर आत आहेत. पुण्यात नोकरी लागली म्हणून डेक्कनला घर घेतलं आणि रोज चाकणला जावं लागलं, तर जे होईल तेच इथेही होतं.

म्हणून आधी कारखान्याचा नेमका पत्ता आणि कंपनीच्या बसचे थांबे विचारा. श्रीपेरुंबुदूरसाठी पूनमल्ली आणि पोरूरची बाजू सोयीची पडते. ओरगडमसाठी तांबरम आणि वंडलूर बरं, कारण वंडलूर-वालाजाबाद रस्ता ओरगडममधूनच जातो. महिंद्रा वर्ल्ड सिटीत काम असेल, तर तांबरम-चेंगलपट्टू लोकल कामाची. वर्ल्ड सिटीजवळ परनूर स्टेशन आहे.

उन्हाळा जास्त कडक असतो का?

थर्मामीटर पाहिला तर फरक फार वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पाराही ३८-४० पर्यंत जातोच. खरा फरक दोन ठिकाणी पडतो.

पहिला, दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, त्यामुळे ३६ अंशांतही जीव नकोसा होतो. पुण्यात रात्री खिडकी उघडली की झोप लागते, तिथे रात्रीही हवा जड असते. शॉपफ्लोअरवर उभं राहून काम करणाऱ्यांनी पहिले २-३ आठवडे पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखर यात कसूर करू नये. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू असतील, तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच.

दुसरा, थंडीचा अभाव. पुण्यात जानेवारीत पहाटेचं तापमान ११-१२ अंशांवर येतं. चेन्नईत ते सहसा २० च्या आसपास थांबतं. स्वेटर इथेच ठेवून जा.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि शहराला थोडा दिलासा मिळतो. हा वारा आतल्या भागात उशिरा पोहोचतो. म्हणजे श्रीपेरुंबुदूरची दुपार मरीना बीचच्या दुपारपेक्षा जास्त तापलेली असू शकते. मे महिन्यातल्या सर्वांत कडक दिवसांना तमिळमध्ये ‘कत्तिरी’ किंवा ‘अग्नी नक्षत्र’ म्हणतात. शक्य असेल तर मुलाबाळांसह सामान हलवण्यासाठी हे दिवस टाळा.

पाऊस जूनमध्ये का येत नाही?

आपला पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे जाईपर्यंत त्यांतलं बाष्प बरंच कमी झालेलं असतं. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. हे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. वर्षभरात चेन्नईत सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला निम्म्याहून जास्त याच तीन महिन्यांत.

चक्रीवादळंही याच काळातली. डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चं वरदा आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग ही नावं तिथे कोणीही सांगेल. आपल्याकडे दिवाळीनंतर घर रंगवायला काढतात, तिथे त्या दिवसांत मेणबत्त्या, पॉवर बँक आणि २-३ दिवसांचा किराणा घरात ठेवतात.

घर पाहताना कोणता प्रश्न विचारायचा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न भाड्याचा नाही. ‘२०१५ आणि २०२३ मध्ये इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ हा तो प्रश्न आहे.

याचं कारण चेन्नईच्या जमिनीत आहे. शहर सपाट आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. चाकण ६०० मीटरच्या वर आहे आणि उतार असल्याने इथलं पाणी वाहून जातं. तिथे ते साचतं. वेलाचेरी परिसर पल्लीकरणैच्या दलदलीला लागून वाढला. तांबरमच्या पश्चिमेचा मुडिचूर-वरदराजपुरम भाग अड्यार नदीच्या पाण्याच्या वाटेवर आहे. २०१५ मध्ये इथे घरांमध्ये पाणी शिरलं होतं. ओरगडमला जाणाऱ्यांना हाच भाग सोयीचा वाटतो, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

उत्तर एजंटला विचारू नका. खालचा किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन यांना विचारा. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का, मीटर बॉक्स किती उंचीवर आहे, पार्किंग रस्त्यापेक्षा खाली आहे का, हे बघा. तळमजला स्वस्त मिळाला, तरी दोनदा विचार करा.

गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्शन आहे का, तेही तपासा. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट केली आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही.

मग पाणी भरपूर असेल ना?

नाही, आणि इथेच नवीन माणूस फसतो. डिसेंबरमध्ये बुडणारं हे शहर उन्हाळ्यात कोरडं पडू शकतं. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही मुख्य जलाशय जवळपास आटले होते. जुलैमध्ये जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, म्हणून टँकरची भाषा आपल्याला नवीन नाही.

चेन्नईत मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत. तरीही अनेक सोसायट्या बोअर, टँकर आणि पिण्यासाठी २० लिटरच्या कॅनवर चालतात. समुद्राजवळच्या काही भागांत बोअरचं पाणी खारट असतं. घर पाहायला गेलात की नळ सोडून एक घोट चाखा, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का ते विचारा.

‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणजे आगाऊ भाडं का?

नाही. आपण ज्याला डिपॉझिट म्हणतो, त्याला चेन्नईत अ‍ॅडव्हान्स म्हणतात. पूर्वी १० महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स घ्यायची पद्धत होती, आजही काही घरमालक तेवढं मागतात. तमिळनाडूचा २०१७ चा घरभाडे कायदा फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. करारात वेगळं ठरलं नसेल तर ३ महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, असं तो सांगतो. म्हणून सही करण्याआधी घासाघीस करा आणि रक्कम, परत करण्याची मुदत, रंगकामाची कपात हे सगळं लेखी घ्या. घर सोडताना रंगाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापण्याची पद्धत बरीच रूढ आहे.

विजेचं बिल तिथे दोन महिन्यांनी येतं. बिल पहिल्यांदा हातात पडलं की आकडा पाहून दचकू नका. मालक स्वतःचा सब-मीटर लावून युनिटचा ठरावीक दर घेणार आहे का, ते आधी विचारा.

एमएच-१४ गाडी नेता येते का?

नेता येते. मोटार वाहन कायद्यानुसार १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पिंपरी-चिंचवड आरटीओची एनओसी लागते, तिकडे रोड टॅक्स भरावा लागतो आणि इकडच्या उरलेल्या करासाठी परताव्याचा अर्ज करता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही एनओसी लागते.

दर २-३ वर्षांनी बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये बीएच सीरिज आली. खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर कर्मचाऱ्याला ती मिळू शकते. मात्र अंमलबजावणी राज्यागणिक वेगळी आहे, दोन्हीकडच्या आरटीओत आधी चौकशी करा. आणखी एक गोष्ट, खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. समुद्राजवळ राहणार असाल तर गाडीला खालून अँटी-रस्ट करून घ्या.

मुलांच्या शाळेचं आणि भाषेचं काय?

तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने तमिळ सक्तीची झाली आणि ही सक्ती टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत गेली. पुढे ती सीबीएसई शाळांनाही लागू झाली. पहिली-दुसरीतलं मूल सहज शिकतं. सातवी-आठवीतल्या मुलासाठी सवलत मिळते का, हे प्रवेशाआधी शाळेकडून लेखी विचारून घ्या. मूल नववी-दहावीत असेल, तर एकट्याने जायचं की सगळ्यांनी, हा निर्णय मुख्यतः याच उत्तरावर अवलंबून राहील.

हिंदीवर विसंबू नका. राज्यात १९६८ पासून तमिळ-इंग्रजी असं द्विभाषा धोरण आहे, सरकारी शाळांत हिंदी शिकवली जात नाही. कारखान्यात उत्तरेकडचे कामगार असल्याने हिंदी चालून जाते, भाजीवाल्याकडे चालेलच असं नाही. सुरुवातीला थोडे शब्द पुरतात: एव्वळवु म्हणजे किती, तण्णी म्हणजे पाणी, वेंडाम म्हणजे नको, सरी म्हणजे ठीक. अण्णा आणि अक्का तर आपलेच. अनोळखी माणसालाही तिथे याच नावांनी हाक मारतात.

मराठी माणूस तिथे नवखाही नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचं राज्य स्थापन केलं. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आजही तमिळनाडूत आहेत. चेन्नईत महाराष्ट्र मंडळही आहे.

निघण्याआधी कोणत्या क्रमाने कामं करायची?

१. कंपनीकडून लेखी घ्या: सामान हलवण्याचा खर्च, सुरुवातीची राहण्याची सोय, अ‍ॅडव्हान्ससाठी बिनव्याजी उचल, वर्षातून किती वेळा गावी जाण्याचं भाडं.
२. शाळेचं उत्तर मिळाल्यावरच इथलं घर सोडायचं ठरवा.
३. आधी एकट्याने जा, महिनाभर पीजी किंवा गेस्ट हाऊसमध्ये राहून भाग पाहा. शक्य असेल तर पावसात पाहा.
४. शाळेचा दाखला, गाडीची एनओसी आणि गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर इथूनच घ्या. पाइप गॅस असेल तर कनेक्शन बंद करून अनामत परत मिळवा.
५. नोकरी बदलून जात असाल तर पीएफचा यूएएन तोच ठेवा, नवा काढू देऊ नका. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलता येतो.
६. ज्वारी-बाजरीचं पीठ, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या महिन्यापुरती बरोबर न्या. ज्वारीला तिथे चोळम आणि बाजरीला कम्बू म्हणतात. ही नावं कळली की दुकानात धान्य सापडतं.